पिवळ्या नळीवरची पिवळी तार

"या गल्लीत माझ्या नकळत वीज इकडची तिकडे हलत नाही!" असं सत्वल्दी उस्ताद चहाखान्यात मांडीवर थाप मारून सांगायचे. आणि का सांगू नये? कोकंदच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस! कुणाच्या घरी दिवा गेला की उस्ताद आधी दिव्याची उलटतपासणी घ्यायचे, मग घरमालकाची. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जरा वेगळा गुणगुणला तरी त्याला काय होतंय हे ते अंथरुणात पडल्या पडल्या बायकोला सांगायचे. तेव्हा त्या मार्चात जे घडलं, ते गल्लीतल्या दुसऱ्या कुणाकडे घडलं असतं तर चाललं असतं. घडलं नेमकं उस्तादांकडे!

नवरोजचा सण आठ दिवसांवर आला होता. नवरोज आला की आमच्या मोहल्ल्यात झाडांच्या बुंध्यांना चुना लागतो, दारांना निळा रंग लागतो आणि गॅसच्या नळीला पिवळा. नळी आमच्याकडे भिंतींच्या डोक्यावरून जाते, दारांवरून कमान करत, या घरातून त्या घरात. उस्ताद शिडीवर चढून आपल्या वाटणीची नळी रंगवत होते. रंगवता रंगवता ब्रश अडखळला. नळीला शीर लागली!

"नळीला शीर?" उस्ताद स्वतःशीच म्हणाले. "नळी म्हणजे काय पैलवानाची मांडी आहे?"

त्यांनी नखाने खरवडलं. पिवळ्या रंगाखाली तार निघाली. नळीला चिकटून बांधलेली आणि नळीसारखीच पिवळी रंगवलेली तार! एक टोक उस्तादांच्या स्वतःच्या मीटरमागे शिरलं होतं. दुसरं टोक भिंत ओलांडून शेजारच्या इनायत आपांच्या पडवीत उतरलं होतं.

आता उस्तादांना आठवलं ते बिल. या हिवाळ्यात त्यांचं बिल दुप्पट आलं होतं, आणि "आपली इस्त्री जुनी झाली" असा शोध लावून त्यांनी बायकोची इस्त्री माळ्यावर टाकली होती. त्याहून वाईट आठवण पुढेच होती. इनायत आपांचं मीटर पैसे थकल्यामुळे कधीचंच बंद झालेलं. त्यांच्या छपरावर एक हातभर सौरपट्टी होती आणि घर त्या पट्टीवर चालतं असं आपा सांगायच्या. एवढ्याशा पट्टीवर अख्खं घर कसं चालतं, यावर उस्तादांनी चहाखान्यात तासभर व्याख्यान दिलं होतं. आकृत्यांसकट!

पण विज्ञानाचा माणूस पुराव्याशिवाय बोलत नाही. उस्ताद खाली उतरले आणि त्यांनी मीटरजवळचा मुख्य खटका पाडला.

भिंतीपलीकडून किंकाळी आली, "या अल्ला!"

खटका वर केला.

"शुक्र अल्लाचं!"

एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, हे ते मुलांना एकतीस वर्षं शिकवत आले होते. म्हणून त्यांनी आणखी दोनदा खटका पाडला. दोन्ही वेळा अल्लाचा धावा झाला आणि दोन्ही वेळा आभारही मानले गेले. प्रयोग सिद्ध!

"मुकद्दस!" उस्ताद स्वयंपाकघरात घुसले. "चोर सापडला! सोमवारी सकाळीच वीज कार्यालयात तक्रार!"

त्यांची बायको मुकद्दस गाजरं चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सुरी काही थांबवली नाही.

"मघाशी खटका तुम्ही पाडत होतात का?"

"तीन वेळा! प्रयोगासाठी!"

"अहो, त्या पडवीत तिची उबवणीची पेटी आहे! जुन्या फ्रीजची केलीय, थंडीपासून चालू आहे, आधीच्या दोन खेपा वाया गेल्या. लावा पक्ष्यांची सहाशे अंडी आहेत आत. आज बारावा दिवस. अजून पाच-सहा दिवसांत पिल्लं निघतील. अर्धा दिवस दिवे गेले की सगळी अंडी गार! उसनवारी करून आणलीत तिने. नवरा रशियात भिंती बांधायला गेला त्याला पाच वर्षं झाली. आधी पैसे यायचे, मग नुसते फोन, आता तेही नाहीत. ती पिल्लं विकली गेली तर त्या घरात चूल पेटेल. तुम्ही तक्रार केलीत की तार कापतील, वर दंड ठोकतील. खाईल काय बाई? तुमचा अर्ज?"

"मला वाईट वाटत नाही का?" उस्ताद म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण नियम म्हणजे नियम! ओहमचा नियम कुणाचा नवरा कुठे गेला ते विचारत नाही. आणि गॅसच्या नळीवर विजेची तार! एक ठिणगी पडली तर नवरोज आकाशात साजरा करावा लागेल! शिवाय..."

शिवाय काय ते त्यांनी सांगितलं नाही. शिवाय त्यांना चहाखान्यातलं व्याख्यान छळत होतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. शेजारीण चांगली. आजारपणात हिनेच उस्तादांना दोन आठवडे सूप पाठवलेलं. पण चोरी ती चोरी! दुपारी उस्तादांनी अर्ज लिहिला, मग सहाशे अंडी आठवून फाडला, मग बिल आठवून पुन्हा लिहिला. वळणदार अक्षरात, समास सोडून. "मी, सत्वल्दी, एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेला शिक्षक, या कागदावर लिहून देतो की शेजारच्या इनायत आपा या हिवाळ्यापासून माझ्या मीटरवरून वीज चोरत असून..." खाली सही ठोकली, चार घड्या घातल्या आणि अर्ज डोक्यावरच्या टोपीच्या अस्तरात खोवला. आमच्याकडच्या माणसांची तिजोरी तीच.

"निदान आधी तिला तोंडावर सांगा," मुकद्दस म्हणाली. "पाठीमागून कागद टाकणं मोहल्ल्यात शोभत नाही. अक्साकालांना बरोबर घ्या, चार शब्द बोला. तिने तार काढली तर काढली. नाहीतर सोमवारी जा कार्यालयात."

हे उस्तादांना पटलं. मोहल्ल्याचे अक्साकाल म्हणजे एगमबेर्दी अता. गल्लीत सगळ्यांत पांढरी दाढी त्यांची आणि कुठल्याही भानगडीत शेवटचा शब्दही त्यांचाच. उस्ताद संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेले. आता इतक्या मोठ्या माणसासमोर 'चोर' हा शब्द कसा काढायचा?

"अता, उद्या जरा इनायत आपांकडे जायचंय. नाजूक काम आहे. वडीलधारं माणूस बरोबर असावं..."

अतांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. डोळे चमकले.

"बस! पुढे बोलू नकोस. असल्या गोष्टी तोंडाने बोलायच्या नसतात."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक आहे?"

"अरे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे! तू एकटाच राहिला होतास!"

उस्तादांच्या मस्तकात तिडीक गेली. सगळ्या गल्लीला! म्हणजे आपण सौरपट्टीच्या आकृत्या काढत होतो तेव्हा हे सगळे मान डोलावत होते ते कशाला? त्या क्षणी सहाशे अंड्यांचं त्यांना काहीएक वाटेनासं झालं.

रविवारी सकाळी दहाला अता हजर झाले. दाढी विंचरलेली, अंगात ठेवणीतला झगा, वर अत्तर! कायद्याचा एवढा आदर पाहून उस्ताद खूश झाले. मुकद्दसनेही नवी ओढणी घेतली होती आणि हातात गाठोडं होतं.

"हे काय?"

"दोन नान आणि थोडी खडीसाखर. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं का?"

"अगं, आपण तिला चोर म्हणायला चाललोय!"

"म्हणून काय झालं? रीत ती रीत."

गल्लीतून तिघं निघाले. झाडणाऱ्या बायकांचे झाडू थांबले. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने गिऱ्हाईक अर्धं सोडून बाहेर येऊन छातीवर हात ठेवला. "मुबारक असो, उस्ताद!" तो म्हणाला. अजून आठवडा आहे नवरोजला, उस्तादांच्या मनात आलं. न्हाव्यांना नेहमीच घाई.

इनायत आपांनी दार उघडलं आणि दारातल्या तिघांना पाहून त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. काल तीनदा दिवे गेले, आणि आज मीटरचा मालक अक्साकालांना घेऊन दारात! दुसरं काय समजायचं बाईने?

"या... या ना... बसा," त्या पुटपुटल्या. गाद्या टाकल्या, दस्तरखान अंथरला, मनुका ठेवल्या, अक्रोड ठेवले. अक्रोड ताटलीबाहेर घरंगळत होते. मग रीतीप्रमाणे विचारपूस सुरू झाली. तब्येत कशी आहे? तुमची? गुडघे? कोंबड्या? ताश्कंदला लिफ्ट दुरुस्त करणारा तुमचा मुलगा शुहरत कसा आहे? गुडघे पुन्हा एकदा?

उस्तादांनी घसा खाकरला. "तर इनायत आपा, मी असं म्हणणार होतो..."

अतांनी त्यांचा गुडघा दाबला. "तू गप्प. आपल्या बाजूने मी बोलतो. तुझ्या जागी बसलेल्याने बोलायचं नसतं."

फिर्यादीने बोलायचं नसतं? असेल बुवा! उस्तादांनी एक मनुका तोंडात टाकली.

"इनायत मुली," अतांनी सुरुवात केली, "घरचा पुरुष परदेशी आहे, तेव्हा बापाच्या जागी मी आहे असं समज. आम्ही काय कामाला आलोय ते तुला दिसतंच आहे. मुकद्दस, उघड गं."

मुकद्दसने गाठोडं उघडलं. आत स्वच्छ, कडक, पांढरंशुभ्र कापड आणि त्यात एकावर एक ठेवलेले दोन नान! इनायत आपांनी त्या पांढऱ्या कापडाकडे पाहिलं, मुकद्दसकडे पाहिलं, पुन्हा कापडाकडे पाहिलं आणि ओढणीचा पदर तोंडाला लावून ढसाढसा रडायला लागल्या.

"मी... मला वाटलं... तुम्ही दुसऱ्याच कामाला... आणि तुम्ही तर..."

"पश्चात्ताप!" उस्ताद मनात म्हणाले. "काम सोपं झालं."

एवढ्यात आपांची मुलगी दिलनवाज चहा घेऊन आली. तेवीस वर्षांची, एकेकाळची उस्तादांचीच विद्यार्थिनी. वर्गात प्रश्न विचारून विचारून तिने त्यांना भंडावून सोडलेलं. आज मात्र डोळे जमिनीला खिळलेले, कानाच्या पाळ्या लालबुंद! तिने उस्तादांसमोर मानाने अर्धाच भरलेला पेला ठेवला. उस्तादांनी तो घेतला आणि दोन घोटांत संपवला. मुकद्दस आणि अता यांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली.

मग अतांनी वरचा नान उचलून उस्तादांपुढे धरला. "धर."

सकाळी नाश्ता झाला नव्हता. उस्तादांनी नानची कड धरली. अतांनी "बिस्मिल्ला!" म्हणून आपली बाजू खेचली आणि नान कडकन दुभंगला. सगळ्यांचे हात वर झाले, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. "आमीन!"

अर्धा नान हातात धरून उस्ताद बसून राहिले. रविवारची सकाळ. पांढरं कापड. दोन नान. अक्साकाल. लग्नाची मुलगी, अर्धा पेला चहा. मोडलेला नान!

शाळेत प्रयोग फसला की मुलांना पहिल्यापासून सगळं तपासायला लावणाऱ्या माणसाच्या डोक्यात आता कुठे दिवा लागला. आपण चोरी पकडायला आलो होतो आणि मुलाचं लग्न ठरवून बसलो! आमच्याकडे पांढऱ्या कापडात दोन नान नेले की ती मागणी, नान मोडला की सोयरीक पक्की, आणि मोडलेला नान परत जोडत नाहीत. मोडलेल्या नानला नाही म्हटलेला माणूस सात पिढ्या चहाखान्यात चघळला जातो. आणि व्याह्याविरुद्ध तक्रार? ओहमच्या नियमाचं काय घेऊन बसलात, हा नियम त्याहून कडक!

"अता... म्हणजे... शुहरतला अजून..." उस्तादांची बोबडी वळली.

"त्याला कळवलं मी काल रात्री फोनवर!" अता म्हणाले. "आनंदाने फोन हातातून पडला त्याच्या. काच फुटली म्हणे!"

दिलनवाजची मान आणखी खाली गेली. पण ओठ हसत होते.

इनायत आपा उठल्या, कपड्यांचा संदूक उघडला आणि एक नवा झगा, एक नवी टोपी घेऊन आल्या. काळ्या टोपीवर पांढरी बदामाची वेलबुट्टी, एकेक टाका मोत्यासारखा. "दिलनवाजच्या बाबांसाठी भरली होती," त्या म्हणाल्या. "ते येतील तेव्हा द्यायची म्हणून. तीन वर्षं पडून आहे. आता व्याह्यांच्या डोक्यावर शोभू दे."

उस्तादांनी टोपीकडे पाहिलं. हीच ती बाई, जिच्याविरुद्ध आपण समास सोडून अर्ज लिहिला! लाज वाटली त्यांना, अगदी खरी लाज वाटली. आता काही झालं तरी तक्रार करायची नाही, घरी जाऊन अर्ज चुलीत घालायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. आणि तेवढ्यात आपांनी झगा त्यांच्या अंगात चढवला आणि नवी घालण्यासाठी त्यांच्या डोक्यावरची जुनी टोपी उचलली!

चार घड्यांचा कागद टपकन दस्तरखानावर, मनुकांच्या ताटलीत पडला.

"हे काय?" अतांनी कागद उचलला.

"ते... किराणा! किराण्याची यादी!" उस्तादांनी झडप घातली. नव्या झग्याच्या बाह्या दोन्ही हातांपेक्षा वीतभर लांब. बाह्या पोचल्या, हात पोचले नाहीत!

"किराणा कसला? 'मी, सत्वल्दी' असं दिसतंय वर. वा! मुलाकडच्यांनी लेखी आणलंय! याला म्हणतात खानदान! माझा चष्मा घरी राहिला. दिलनवाज, वाच गं पोरी. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू दे!"

दिलनवाजने कागद उघडला. उस्तादांची पाचावर धारण बसली. मुकद्दसने डोळे मिटले. मुलगी मनातल्या मनात दोन ओळी वाचते आहे, हे उस्तादांना दिसलं. तिच्या कानांची लाली उतरली. तिने आईकडे पाहिलं. आई रडून लाल झालेल्या डोळ्यांनी हसत होती. मग तिने उस्तादांकडे पाहिलं. वर्गात अवघड प्रश्न विचारण्याआधी पाहायची तशीच! आणि वाचायला लागली.

"'मी, सत्वल्दी, एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेला शिक्षक, या कागदावर लिहून देतो की शेजारच्या इनायत आपा...'" ती थांबली. खोलीत पडवीतल्या पेटीची घरघर तेवढी ऐकू येत होती. "'...इनायत आपा या मला सख्ख्या बहिणीसारख्या आहेत. त्यांच्या घरात अंधार असेल तर मला माझ्या घरचा दिवा गोड लागत नाही. तरी त्यांना लागेल तेवढी वीज माझ्या मीटरवरून...'" इथे तिने पुन्हा एकदा उस्तादांकडे पाहिलं. "'...आजपासून उघड उघड देण्यात यावी. पिल्लं निघून विकली जाईपर्यंत बिल मी भरीन. पुढचं व्याही आपसांत बघून घेतील.' खाली सही आहे."

अतांनी नाक शिंकरलं. "सत्वल्दी! बेटा! साठ वर्षं मी सोयरिकी जमवतोय. हुंड्या-आहेराचे कागद पाहिले, शेतीवाडीचे पाहिले. विजेचा कागद पहिल्यांदाच पाहिला! हे खरंच तू लिहिलंस?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. इनायत आपा तर श्वास धरून. उस्तादांनी लांब बाह्यांतून हात बाहेर काढायची खटपट केली. मग तीही सोडून दिली.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले.

"हा कागद मी चहाखान्यात भिंतीवर लावतो!" अता गरजले. "गल्लीने धडा घ्यावा!"

"नको!" उस्ताद आणि मुकद्दस एकदम ओरडले.

"नको अता," दिलनवाजने कागदाच्या शांतपणे चार घड्या केल्या. "हा माझ्याकडेच राहील. सासऱ्यांचा पहिला कागद आहे. जन्मभर जपून ठेवीन."

ज्या सुरात तिने 'जन्मभर' म्हटलं, तो सूर उस्तादांना नीट कळला.

घरी परतताना न्हाव्याने पुन्हा मुबारक दिलं. या वेळी उस्तादांनी मुकाट्याने छातीवर हात ठेवला. दार लागल्यावर मात्र ते बायकोवर उखडले.

"पांढरं कापड कशाला घेतलंस? घरात काय दुसरी फडकी नव्हती?"

"सगळी धुवायला टाकली होती," मुकद्दस माळ्यावरून इस्त्री काढत म्हणाली. "नवरोज आलाय ना!"

सोमवारी उस्ताद वीज कार्यालयात गेले नाहीत. ते शिडी घेऊन बाहेर आले. व्याही झाले म्हणून गॅसच्या नळीवर विजेची तार चालते असं थोडंच आहे? लाकडी खांब रोवून, जाड तार टाकून, मध्ये बटण बसवून रीतसर जोडणी करायची होती. पेटी एक मिनिटसुद्धा बंद राहू नये म्हणून त्यांनी आधी नवी तार जोडली आणि मगच जुनी सोडवायला घेतली. खाली दिलनवाज शिडी धरून उभी होती.

"उस्ताद, एक सांगू? रागावणार नसाल तर. तुमच्या कागदात एक चूक आहे."

"चूक? माझ्या कागदात?"

"तुम्ही लिहिलंय, 'या हिवाळ्यापासून.' ती पेटी या हिवाळ्यातली. तार तीन वर्षांची आहे. आधी आमचा एकच दिवा होता, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही."

उस्ताद शिडीवर थिजले. तीन वर्षं! रोज सकाळी या नळीखालून ते चहाखान्यात जात होते.

"आणि बांधली कोणी ही? तुझ्या आईला तर बल्ब बदलता येत नाही!"

उस्तादांनी खाली पाहिलं. दिलनवाज शिडीच्या पायऱ्यांकडे एकटक बघत होती आणि तिचे कान पुन्हा लाल होत होते. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे शुहरत ताश्कंदला गेला त्याच वर्षी. उस्तादांनी हिशेब केला आणि पक्कड घट्ट धरली.

"गॅसच्या नळीवर! गाढव! एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं शिकवली आणि माझं पोर गॅसच्या नळीवर..." बराच वेळ ते पुटपुटत राहिले. मग मीटरमागे मान घालून त्यांनी तारेचा जोड वाकून वाकून पाहिला, बोटाने हलवून पाहिला, आणि खाली न बघता म्हणाले,

"जोड मात्र झकास केलाय गाढवाने!"